आयरिश ‘फाल्च’: लिहायचं कसं, म्हणायचं कसं, कुणाला म्हणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डब्लिनमधल्या तुमच्या गणेशोत्सवाला यंदा आयरिश शेजाऱ्यांनाही आमंत्रण आहे. दाराशी आयरिश भाषेतला स्वागतफलक लावायचा आहे आणि निवेदकाला तेच शब्द मंचावरून म्हणायचे आहेत. शब्द ठरले, ‘Céad Míle Fáilte’, पण शेवटच्या शब्दाचे उच्चार चार जणांनी चार सांगितले: ‘फेल्टे’, ‘फाइल्ट’, ‘फॉल्चा’ आणि ‘फाल्त्य’. अर्थ ‘शंभर हजार स्वागतं’ असा सांगतात तो बरोबर आहे का, आणि निवेदकाच्या कागदावर देवनागरीत नेमकं काय लिहून द्यायचं?

आधी उत्तर देते, कारणं मागून. पहिले दोन उच्चार चूक आहेत, ते सोडून द्या. उरलेले दोन्ही चालतात, ते दोन वेगळ्या भागांतले आहेत. कागदावर ‘क्येद मील्य फाल्च’ असं लिहा आणि निवेदकाला सांगा, की ‘मूल्य’ आणि ‘रक्त’ म्हणताना शेवटचा ‘अ’ जितका ऐकू येतो तितकाच इथेही ऐकू आला पाहिजे. अर्थ शब्दशः ‘शंभर हजार स्वागतं’ असाच आहे, आणि शंभर हजार म्हणजे आपला एक लाख. मात्र समोर एक जण आहे की अनेक, यावर पुढचा शब्द बदलतो, आणि मराठी माणूस चुकतो तो बहुतेक तिथेच. तो भाग खाली येईल.

आता स्पेलिंगपासून सुरुवात करू. ‘फाल्च’ची अक्षरं क्रमाने अशी: एफ, डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, आय, एल, टी, ई. त्या तिरक्या रेघेला आयरिशमध्ये ‘फदा’ म्हणतात, म्हणजे ‘लांब’. पूर्ण नाव ‘शीन्य फदा’, लांब ताण. ज्या स्वरावर फदा तो दीर्घ, इतका सरळ नियम. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जो फरक आहे, त्याच जातीचा हा फरक आहे आणि तितकाच अर्थ बदलणारा. ‘क्येद’ म्हणजे शंभर, त्यात ई या अक्षरावर फदा आहे. तो गाळला तर शब्द ‘क्यॅद’ होतो आणि त्याचा अर्थ ‘परवानगी’. भेटवस्तूंच्या दुकानांत फदा नसलेल्या पाट्या आणि पायपुसणी सर्रास मिळतात, त्यामुळे पाहून उतरवू नका.

फदा कळला की पुढचा अडथळा ‘आय’चा. इंग्रजी वाचायची सवय असलेला माणूस ए आणि आय शेजारी दिसले की ‘ऐ’ किंवा ‘ए’ म्हणतो, म्हणून ‘फेल्टे’ आणि ‘फाइल्ट’ जन्माला येतात. या शब्दातल्या आयला स्वतःचा आवाज नाही. तो पुढच्या एल आणि टी या व्यंजनांसाठी लावलेली खूण आहे.

आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं असतात, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद रूपात जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचललेला असतो; अरुंद रूपात जिभेचा मधला भाग वर जातो, ‘य’ म्हणताना जातो तसा. व्यंजनाच्या शेजारी ए, ओ, यू यांपैकी स्वर असेल तर ते रुंद, ई किंवा आय असेल तर अरुंद. आणि व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर हवेत, हा लेखनाचा नियम शाळेत पहिल्याच वर्षी पाठ करून घेतात: अरुंदाला अरुंद, रुंदाला रुंद. ‘फाल्च’मध्ये एल-टीच्या नंतर ई आहे, म्हणून त्यांच्या आधीही अरुंद जातीचा स्वर हवा. त्यासाठी आय तिथे बसवला आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. सारं जग आणि पाण्याचा जग हे आपण सारखंच लिहितो, पण दोन्हीकडचा ‘ज’ वेगळा उच्चारतो. ‘चमचा’तला च वेगळा, ‘चहा’तला वेगळा. कोणता कुठे, हे लिखाणात दिसत नाही. मराठी माणसाला ते ऐकून माहीत असतं. आयरिश लेखनपद्धतीने असा फरक दाखवण्यासाठी न उच्चारलेले स्वर कामाला लावले आहेत, म्हणून शब्द लांबलचक दिसतात. त्या स्वरांना खुणा समजून वाचायला लागलं की आयरिश स्पेलिंग इंग्रजीपेक्षा कितीतरी शिस्तशीर निघतं.

मग त्या टीचा ‘च’ कसा झाला? अरुंद टी म्हणजे ‘त’ म्हणता म्हणता जीभ ‘य’च्या जागी उचलणं, साधारण ‘त्य’. हा आवाज काही भागांत ‘त्य’पाशीच थांबतो, काही भागांत घसरत ‘च’पर्यंत जातो. ही घसरण आपल्या भाषेच्या इतिहासातही आहे. संस्कृत ‘नृत्य’चं प्राकृतात ‘णच्च’ झालं आणि मराठीत ‘नाच’. ‘अद्य’चं ‘अज्ज’ आणि मग ‘आज’. ‘विद्युत्’पासून ‘वीज’. त्य-द्य यांचं च-ज होणं हा तोच जिभेचा प्रवास. म्हणून ‘फाल्त्य’ आणि ‘फाल्च’ यांत एक बरोबर आणि एक चूक असं काही नाही. एवढंच सांभाळा, की हा ‘च’ चहातला, चंद्रातला आहे. चमचा, चोर, चांगला यांतला नाही. तो चमच्यातला च लागला तर आयरिश कानाला ‘फाल्त्स’ असं काहीतरी ऐकू येतं आणि शब्द ओळखू येत नाही.

इथे कोणता उच्चार निवडायचा हे परिस्थितीवर अवलंबून आहे. आयरिशचे ढोबळ तीन बोलीगट आहेत: दक्षिणेला मन्स्टर, म्हणजे केरी, कॉर्क, वॉटरफर्ड इथली, पश्चिमेला कॉनॉट, म्हणजे कॉनमारा, आरन बेटं, मेयो इथली, आणि उत्तरेला अल्स्टर, म्हणजे मुख्यतः डॉनिगॉलची. मन्स्टरमध्ये ‘फाल्त्य’कडे झुकणारा उच्चार ऐकू येतो, कॉनमारा आणि डॉनिगॉलमध्ये ‘फाल्च’कडे झुकणारा. स्वरातही फरक आहे. दक्षिणेत आणि पश्चिमेत ‘आ’ घशाच्या बाजूला मागे ओढलेला असतो. डॉनिगॉलमध्ये तो पुढे सरकून ‘फॅऽल्च’सारखा होतो. इंग्रजी बोलणारे आयरिश लोक हाच शब्द ‘फॉल्चा’ म्हणतात आणि डब्लिनमध्ये तुमच्या कानावर तोच जास्त पडेल. आयरिशचं प्रमाण लेखन आणि व्याकरण १९५८ साली सरकारी पातळीवर ठरलं, पण त्यात उच्चाराचं प्रमाणीकरण नाही. त्यामुळे कोणी ‘हाच खरा’ म्हणून हट्ट धरला तर समजून घ्या, की तो आपल्या शाळेतला किंवा आपल्या आजोळचा उच्चार सांगतो आहे.

मी मराठी भाषकांना ‘आ’ सांगते, ‘ऑ’ नाही. कारण मराठी तोंडात ‘ऑ’ आला की ओठ गोल होतात, ऑफिस किंवा बॉल म्हणताना होतात तसे. आयरिश स्वर मागचा असला तरी त्याला ओठांचा गोलावा जवळपास नसतो. मराठी ‘आ’ थोडा मागून काढला, मनात ‘ऑ’चा विचार ठेवून ओठ मात्र सैल सोडले, की आवाज नेमका लागतो. कुणी ‘फॉल्च’ म्हटलंच तर डब्लिनमध्ये कुणालाही खटकणार नाही.

बाकी आवाजांत मराठी माणसाला फारसे कष्ट नाहीत. ‘फ’ हा फोनमधला, वरच्या दातांना खालचा ओठ टेकवून काढलेला. जे ‘फळ’ शब्दात दोन्ही ओठ मिटून प+ह म्हणतात त्यांनी तेवढं लक्ष द्यावं. ‘ल’ आपला नेहमीचाच. इंग्रजीतल्या ‘बॉल’मध्ये शेवटचा ल जरा जड, घोगरा होतो तसा करू नका. आणि ‘ळ’ तर अजिबात नको. जीभ मागे वळली की अरुंद व्यंजनाच्या नेमकं उलट काम होतं.

शेवटच्या स्वराबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण निवेदकाच्या कागदावरचा घोटाळा इथे होतो. शब्दाच्या अखेरची ई ‘ए’ म्हणून उच्चारली जात नाही. तिचा आवाज म्हणजे अगदी छोटा, जोर नसलेला ‘अ’. देवनागरीत हा लिहिणं अवघड, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘अ’ आपण गिळतो: ‘घर’, ‘काम’, ‘मील’. म्हणून लोक ‘फाल्चा’ लिहितात, आणि वाचणारा ‘मोर्चा’सारखा लांब आ लावतो. किंवा ‘फाल्चे’ लिहितात आणि ऐकणाऱ्याला अनेकवचन वाटतं. पण मराठीत एक सोय आहे: शेवटी जोडाक्षर असलं की तो ‘अ’ आपण गिळत नाही. रक्त, शब्द, मित्र, मूल्य म्हणून पाहा. ‘फाल्च’मध्ये ल्च हे जोडाक्षर आहेच, म्हणून अ आपोआप येतो. ‘मील’ असं लिहिलं तर मात्र तो गेला, आणि कापडगिरणी उरली. म्हणून मी ‘मील्य’ लिहिते: ‘मूल्य’ म्हणताना येतो तेवढा अ मिळतो आणि त्या शब्दातला अरुंद ल सुद्धा दाखवला जातो. जोडाक्षर ठळक आणि सलग छापलं जाईल हे पाहा. हलन्त चिन्ह लावून ‘फाल् च’ असं तुटक छापलं तर वाचणारा तिथे थांबतो.

उरला ‘क्येद’. अक्षरं सी, फदा असलेला ई, ए, डी. आयरिशमध्ये सी हे अक्षर कधीच ‘स’ होत नाही, नेहमी ‘क’. इथे तो अरुंद आहे, म्हणून ‘क्य’. पण क आणि य असे दोन आवाज वेगळे काढू नका. मराठीत ‘केळं’ म्हणताना क आपोआप पुढे सरकतो, तेवढा पुरे. मग नुसतं ‘केद’ का लिहायचं नाही? कारण घाईत वाचताना दुसरी मात्रा कल्पून ‘कैद’ वाचणारे असतात, आणि स्वागताच्या वाक्यात तो शब्द यायला नको. त्यानंतरचा ए हा स्वर पुन्हा नुसती खूण आहे: पुढचा डी रुंद आहे एवढं तो सांगतो.

आणि रुंद डी म्हणजे आपला ‘द’. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मराठी माणूस सवयीने रोमन डी दिसला की ‘ड’ आणि टी दिसला की ‘ट’ म्हणतो. ते इंग्रजीपुरतं ठीक. आयरिशमधले रुंद टी-डी दातांना जीभ लावून काढलेले असतात, अगदी आपल्या त-द सारखे. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला हे दंत्य आवाज शिकवायला वेळ लागतो; तुमच्या तोंडात ते जन्मापासून आहेत. म्हणून ‘क्येड’ नाही, ‘क्येद’.

आता तीन शब्द एकत्र म्हणू. प्रत्येक शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर, आणि सगळ्यांत जास्त वजन शेवटच्या शब्दाच्या ‘फाल्’वर. वृत्ताच्या भाषेत सांगायचं तर गुरू, गुरू-लघू, गुरू-लघू: क्येद, मी-ल्य, फाल्-च. पाचच अक्षरं आहेत. निवेदकाने टाळी देत तीन दीर्घ ठोक्यांवर म्हणून पाहावं. तीन ठोके बरोबर पडले की बारीक चुकाही झाकल्या जातात. ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, ‘मीलेऽ फाल्चेऽ’ असं ओढलं, की वाक्य लगेच परकं वाटतं.

कानाने खात्री करायची असेल तर ‘चांगलन’ (teanglann.ie) हा आयरिश कोश इंटरनेटवर आहे. त्यात बऱ्याच शब्दांचे मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर असे तिन्ही उच्चार माणसांच्या आवाजात ऐकता येतात. एका बोलीचा उच्चार निवडा आणि तिन्ही शब्द त्याच बोलीतले ऐका. एक शब्द केरीचा आणि एक डॉनिगॉलचा असं मिश्रण करू नका.

अर्थाकडे येते. ‘क्येद’ शंभर, ‘मील्य’ हजार, ‘फाल्च’ स्वागत. तिन्ही शब्द एकवचनात आहेत, कारण आयरिशमध्ये संख्येनंतरचं नाम सहसा एकवचनातच राहतं. ‘शंभर हजार’ हे मराठी कानाला हिशेब अर्धवट सोडल्यासारखं लागतं, पण आयरिशमध्ये लाखासाठी वेगळा शब्द नाही. त्यामुळे निवेदनात अर्थ सांगताना ‘लाख लाख स्वागत’ म्हटलं तर ते मराठी कानाला सरळ भिडेल आणि आकडाही बरोबर राहील.

शंभराचा शब्द तर आपल्या नात्यातला आहे. जुन्या आयरिशमध्ये तो ‘केत’ होता, लॅटिनमध्ये ‘केन्तुम’, संस्कृतात ‘शतम्’. तिन्ही एकाच मूळ शब्दातून आले. आयरिशमध्ये मधला न गळाला आणि त्याच्या बदल्यात स्वर दीर्घ झाला, आपल्याकडे सुरुवातीच्या क-चा श झाला. मराठीतलं ‘दोनशे’, ‘तीनशे’ यांतलं ‘शे’ त्याच शत-मधून आलेलं. ‘मील्य’ मात्र लॅटिनमधून उसना घेतलेला आहे, आणि मैल या अंतराच्या मापासाठीही आयरिशमध्ये हाच शब्द आहे. समोर बसलेल्या पाहुण्यांना हे ‘शे’ आणि ‘क्येद’चं नातं सांगितलंत तर त्यांना ते नक्की आवडेल, आणि ते खरं आहे.

‘फाल्च’चा जुना अर्थ ‘आनंद’ असा होता. जुन्या आयरिशमध्ये ‘हर्षभरित’ या विशेषणापासून हे नाम झालं. कुणाच्या येण्याने झालेला आनंद, असा अर्थ पुढे स्थिरावत गेला. म्हणून ते नुसतं औपचारिक ‘सुस्वागतम्’ नाही. आजही त्याच मुळापासून रिसेप्शनिस्टला ‘फाल्चोर’ म्हणतात, आणि दुपारी-संध्याकाळी घंटा वाजवून करायच्या कॅथलिक प्रार्थनेचं आयरिश नाव ‘देवदूताचं फाल्च’ असं आहे. देशाच्या पर्यटन मंडळाच्या नावात हा शब्द गेल्या शतकाच्या मध्यापासून आहे, आणि २००३ साली स्थापन झालेल्या आजच्या संस्थेचं नावच ‘फाल्च आयर्लंड’. आयरिश न बोलणाऱ्यालाही हा शब्द कळतो, याचं एक कारण हे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा यजमानाचा शब्द आहे. तुम्ही दुसऱ्याच्या घरी गेलात आणि दारातून ‘फाल्च’ म्हणालात तर ते पाहुण्याने ‘या, बसा’ म्हणण्यासारखं होईल. रस्त्यात भेटल्यावर म्हणायचा नमस्कार वेगळा: ‘जीअ घिच’, म्हणजे ‘देव तुझ्यासाठी असो’.

आता ज्या भागाबद्दल सुरुवातीला म्हटलं तो. ‘तुमचं स्वागत’ म्हणताना मराठीत आपण षष्ठी वापरतो. आयरिशमध्ये स्वागत माणसाच्या ‘पुढे’ असतं. एकाला म्हणायचं तर ‘फाल्च रोत’, अनेकांना ‘फाल्च रोव’. ‘रोत’मध्ये ‘पुढे’ हे अव्यय आणि ‘तू’ हे सर्वनाम एकजीव झाले आहेत, ‘रोव’मध्ये ‘पुढे’ आणि ‘तुम्ही सगळे’. स्पेलिंगमध्ये आर-ओनंतर एम-एच दिसतील, त्यांचा ‘म’ होत नाही. कॉनमाराकडे यातला ओ ऊ होऊन ‘रूत’सारखा ऐकू येतो.

मराठी माणूस इथे हमखास चुकतो, आणि चुकतो ते आदरापोटी. समोर एकच ज्येष्ठ पाहुणे आहेत, नगरसेवक आहेत, शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, तर आपण स्वाभाविकपणे ‘तुम्ही’ धरून अनेकवचन वापरतो. आजच्या आयरिशमध्ये आदरार्थी अनेकवचन नेहमीच्या वापरात नाही. एकटा माणूस कितीही मोठा असो, त्याला ‘रोत’. ‘रोव’ म्हटलं तर तो मागे वळून आणखी कोण आलंय ते पाहील. मनाला कितीही अवघड वाटलं तरी मुख्य पाहुण्यांना व्यक्तिशः म्हणताना एकवचनच ठेवा. त्यात उणेपणा नाही. सभागृहाला उद्देशून मात्र अनेकवचनच हवं: ‘क्येद मील्य फाल्च रोव ग लेर’, शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ ‘सगळ्यांना’. मागे ‘मित्रहो’ जोडायचं असेल तर ‘अ खार्ज’. यातला ख घसा घासून काढायचा, उर्दू शेर म्हणणारे ‘ख़्वाब’ म्हणताना काढतात तसा, आणि ज पाण्याच्या जगातला.

दुसरी जागा म्हणजे शब्द स्वतः जोडून नवा फलक बनवणं. कृपा करून तसं करू नका. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाचा शेवट बदलतो, घोडा-घोड्याला. आयरिशमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. ‘ते स्वागत’ म्हणायचं तर ‘अन आल्च’, इथे एफच्या पाठीमागे एच येतो आणि फ पूर्ण नाहीसा होतो. ‘आमचं स्वागत’ म्हणायचं तर ‘आर वाल्च’, एफच्या आधी बी-एच येतात आणि फ-चा व होतो. ‘तीन’ या संख्येपुढे एक बदल, ‘सात’पुढे दुसरा, शंभर आणि हजारापुढे मात्र काहीच बदल नाही, म्हणून तुमच्या वाक्यात ‘फाल्च’ मूळ रूपात शाबूत आहे. कोशातून शब्द उचलून शेजारी शेजारी ठेवले की हे बदल राहून जातात, आणि यंत्राने केलेल्या भाषांतरातही ते निसटतात.

तुम्हाला ‘उत्सवाला स्वागत’ असंच हवं असेल तर तयार वाक्य देते: ‘फाल्च हिग अन वेल्य’. यात मूळ शब्द ‘फेल्य’, म्हणजे उत्सव. अव्ययामुळे त्याचा व झाला. छापताना बी, एच, एफ, फदा असलेला ई, आय, एल, ई, असं स्पेलिंग. सुंदर गोष्ट अशी, की ‘फेल्य’ असाच लिहिला जाणारा आणि असाच उच्चारला जाणारा दुसरा शब्द आयरिशमध्ये आहे आणि त्याचा अर्थ औदार्य, आतिथ्य. गणपतीत सगळ्यांसाठी दार उघडं ठेवणाऱ्या घराला हे दोन्ही अर्थ शोभतात.

कुणी ‘थँक यू’ म्हटल्यावर ‘यू आर वेलकम’साठी हाच शब्द चालतो का, असंही तुम्ही विचारलंय. ‘ता फाल्च रोत’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते समजतंही, पण त्यावर इंग्रजीची छाया आहे. मला ‘ना हॅबर ए’ जास्त आवडतं: ‘ते म्हणूच नकोस’. मराठीत आपण ‘अहो, आभार कसले’ म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं.

फलक छापण्याबद्दल. विंडोजच्या संगणकावर आल्ट दाबून ०२२५ टाइप केलं की फदा असलेला ए, ०२३३ ने ई आणि ०२३७ ने आय. मोठ्या लिपीत हेच क्रमाने ०१९३, ०२०१, ०२०५. फोनवर अक्षर दाबून धरा, पर्याय वर येतात. सगळं मोठ्या अक्षरांत छापत असाल तरी फदा ठेवायचा. मोठ्या अक्षरांवर तो नको असतो हा गैरसमज आहे. जुन्या वळणाचे ‘केल्टिक’ फाँट दिसायला सुरेख असतात, पण त्यांतल्या बऱ्याच फुकट मिळणाऱ्या फाँटमध्ये फदाची अक्षरंच नसतात. मग तेवढी तीन अक्षरं दुसऱ्याच वळणात उमटतात. पूर्ण फलक पाठवण्याआधी फक्त हा एक ओळीचा मजकूर छापून पाहा. फदाची दिशा खालून वर, उजवीकडे चढणारी. डावीकडून खाली उतरणारी रेघ दिसली तर तो नमुना स्कॉटिश गेलिकचा आहे. तिथेही हेच स्वागत आहे आणि ऐकायलाही जवळचं आहे, पण त्यांची रेघ उलट असते आणि शंभराचं स्पेलिंगही वेगळं असतं. इंटरनेटवरून चित्र उचलताना या दोघांची सरमिसळ फार होते.

निवेदकाला लाख स्वागतांच्या पुढे जाऊन काही म्हणायचंच असेल तर आयरिशमध्ये एक जुना वाक्प्रचार आहे, ‘फाल्च ई ह्यॅली’, म्हणजे ओ केलींचं स्वागत. १३५१च्या नाताळात विल्यम बी ओ केली या सरदाराने आयर्लंडभरच्या कवींना आणि कलावंतांना आपल्याकडे बोलावून मेजवानी दिली, त्यावरून हात न आखडता केलेल्या पाहुणचाराला हे नाव पडलं. आयरिश शिकलेल्या पाहुण्यांना तो ओळखीचा वाटेल. पण तो ‘तुमचं स्वागत’ या अर्थाने थेट म्हणायचा नसतो. ‘आज तुम्हाला फाल्च ई ह्यॅली मिळेल’ अशा वाक्यात गुंफायचा असतो.

आणि फलकाची मागची बाजू कोरी सोडू नका. आयर्लंडमध्ये गावात शिरताना जशी ‘फाल्च’ची पाटी दिसते, तशी बाहेर पडताना बऱ्याच गावांत ‘स्लान अवाल्य’ अशी असते, म्हणजे ‘सुखरूप घरी जा’. एस, एल, फदा असलेला ए, एन. मग ए, बी, एच, ए, आय, एल, ई. दुसऱ्या शब्दातल्या बी-एचचा उच्चार ‘व’, जोर ‘वा’वर, आणि शेवटी पुन्हा तोच ‘मूल्य’मधला छोटा अ.